शेवटच्या गाण्यातली कर्र

रीळकाकांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहा मिळण्याआधी एक गाणं ऐकावं लागतं. अख्खं गाणं नाही, फक्त शेवट. काका पाहुण्याला दोन स्पीकरांच्या बरोबर मधल्या खुर्चीत बसवतात, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ करतात, खिडक्या लावतात, पंखा बंद करतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, "अगं, दोन मिनिटं भांडी नकोत!" आतून काकूंचा आवाज येतो, "भांडी नाहीत तर चहा कशात करू?" तिकडे काकांचं लक्ष नसतं. गाणं सुरू झालेलं असतं.

गाणं एका जुन्या रॉक अल्बममधलं. अल्बमच्या कव्हरवर पिवळ्या कुंपणाचं चित्र आहे, म्हणून घरात त्याला 'कुंपण' म्हणतात. आधीची सगळी गाणी ठोकाठोकीची, पण हे शेवटचं शांत आहे. गिटार थांबते, ड्रम थांबतात, मागे उरतो एकटा पियानो. त्याचा शेवटचा सूर विरत विरत पार संपायच्या बेताला आला की काकांचं बोट वर जातं.

"ऐकलंत?"

"हो. छान वाजवलाय पियानो."

"पियानो नव्हे हो! कर्र! कर्र ऐकलीत का?"

पाहुण्यानं कर्र ऐकलेली नसते. कशी ऐकणार? त्याला चहा हवा असतो. मग पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी पाहुणा कान टवकारतो, तिसऱ्या वेळी डोळे मिटतो, आणि चौथ्या वेळी, घरी कुणीतरी वाट बघतंय हे आठवून, ठामपणे सांगतो की ऐकली, अगदी स्पष्ट ऐकली. काका पंखा लावतात, समोर येऊन उभे राहतात आणि छातीवर हात ठेवून म्हणतात, "ती माझी." त्यानंतर चहा येतो.

या परीक्षेत आजवर सपशेल नापास झालेला माणूस एकच, आणि तो आज त्यांचा जावई आहे. मुलीनं त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तो भलताच उत्साहात होता. सासऱ्यावर छाप पाडायची म्हणून त्यानं काकांचं बोट वर जायच्या आधीच "वा!" म्हटलं. कर्र अजून यायची होती. काकांनी रात्री जेवताना निकाल सांगितला, "जो माणूस न झालेल्या गोष्टीला वा म्हणतो, तो उद्या संसारात काय काय म्हणेल!" काकूंनी विचारलं, "आणि तुमच्या कर्रला मी लग्नाआधी काय म्हटलं होतं?" काकांना ते आठवत होतं. काकू तेव्हा "दाराला तेल घाला" असं म्हणाल्या होत्या. विषय तिथंच मिटला आणि मुलीचं लग्न झालं. पुढे जावई बहिऱ्या माणसांना कानात घालायची यंत्रं बसवून देण्याच्या धंद्यात पडला आणि तो धंदा छान चालला. काका अजूनही म्हणतात की त्याला ती प्रेरणा कुठून मिळाली ते उघड आहे.

आता ही कर्र म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. कारण काका ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी थोडं वाढवतात, तेव्हा आपण आपलं बेतानं सांगू.

काका विशीत होते तेव्हा एका रेकॉर्डिंग स्टुडिओत चिकटले. काम म्हणाल तर हमालीचं. कपाटातून फितीची रिळं आणायची, मशीनवर चढवायची, उतरवायची, गुंडाळायची, परत कपाटात. या 'कुंपण'वाल्या बँडचा पियानोवाला एक जाडजूड, सदा घामेजलेला, सदा हसणारा माणूस होता. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं नाव काय?" आणि उत्तर यायच्या आधीच म्हणाला, "जाऊ दे, रीळ्या." ते नाव असं चिकटलं की पुढे केस पांढरे झाल्यावर त्याला लोकांनी फक्त 'काका' जोडलं. बँडमधले बाकीचे रीळ्याशी बोलत नसत. गायक तर आरशाखेरीज कुणाशीच बोलत नसे. पण पियानोवाला आपल्या डब्यातलं अर्धं याला द्यायचा आणि वर म्हणायचा, "खा, नाहीतर मी खाईन, आणि मग स्टुलाचं काही खरं नाही."

त्याच सुमारास स्टुडिओत ते नवं यंत्र आलं. दोन कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत एवढं. जुन्या मशीनमध्ये आवाज जसाच्या तसा फितीवर उमटायचा. हे यंत्र आवाज ऐकून तो आकड्यांत लिहून घ्यायचं, क्षणाला हजारो आकडे, आणि फितीवर नुसते आकडेच. स्टुडिओचे मुख्य रेकॉर्डिस्ट, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी यंत्राभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "आता फितीची सर्र नाही. निव्वळ संगीत."

इथंच घोटाळा झाला. जुन्या फितीवर मागे सतत येणारी ती बारीक सर्र म्हणजे एक मायाळू पांघरूण होतं. तिच्याखाली सगळ्यांची पापं झाकली जायची. नव्या यंत्रानं पांघरूण ओढून काढलं आणि सगळे उघडे पडले. पहिल्या दिवशी काही न वाजवता नुसती शांतता रेकॉर्ड करून ऐकली, तर त्यात चार मनगटी घड्याळं, गिटारवाल्याचं पोट आणि गायकाच्या नाकपुडीची शिट्टी एवढा ऐवज सापडला. गायक दोन दिवस रुसला. नाकपुडी आपली नाहीच, असं त्याचं म्हणणं होतं. मग साहेबांनी फर्मान काढलं: घड्याळं ड्रॉवरमध्ये, बूट दाराबाहेर, नाणी खिशातून बाहेर, आणि गिटारवाल्यानं जेवून यायचं.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एसी. तो खडखडायचा. रेकॉर्डिंग चालू असताना तो बंद ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण वाजवायच्या हॉलला खिडक्या नाहीत, वर दिवे, त्यामुळे बंद केला की पाच मिनिटांत भट्टी. एसीचं बटण हॉलच्या आत, कोपऱ्यात. तेव्हा ठरलं की कुणीतरी त्या कोपऱ्यात बसायचं, लाल दिवा लागला की एसी बंद करायचा, दिवा विझला की लगेच लावायचा. मध्ये हालायचं नाही, खोकायचं नाही, शक्यतो जगायचंही बेतानंच. हे पद रीळ्याला मिळालं. बसायला त्याला एक लाकडी खुर्ची दिली. ती करकरते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसरी खुर्ची गायकाचा कोट ठेवायला लागत होती.

शेवटच्या गाण्याच्या वेळी सगळे घामानं निथळत होते. सातवा का आठवा प्रयत्न चालू होता. आणि या खेपेला पियानोवाल्याच्या हाताला काय झालं कुणास ठाऊक, तो असा वाजला की काचेपलीकडे बसलेल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. शेवटचा सूर लागला. सगळे श्वास रोखून. लाल दिवा अजून चालू. रीळ्याचं सगळं लक्ष दिव्याकडे, कधी विझतो आणि कधी मी बटण दाबतो. अधीर होऊन तो जरासा पुढे झुकला.

कर्र.

रीळ्या जागच्या जागी थिजला. दिवा विझला तेही त्याला कळलं नाही. त्यानंतर एकदम दार धाडकन उघडलं आणि साहेब आत येऊन त्याच्याकडे बोट दाखवून ओरडले, "तुझी खुर्ची! फीत असती तर ब्लेडनं एवढा तुकडा उडवला असता. इथं काय कापू? आकडे?" ते खरंच होतं. त्या यंत्राच्या फितीला ब्लेड लावलं की आकड्यांची साखळी तुटायची आणि गाण्याऐवजी किंचाळी निघायची. पुन्हा वाजवायचं तर पियानोवाल्याला तसं पुन्हा जमेना. त्यानं तीनदा करून पाहिलं आणि हात वर केले. शेवटी सगळ्यांचे आवाज एकत्र करून मिश्रण करताना साहेबांनी ती जागा जमेल तेवढी दाबली, तरी कर्रचं शेपूट राहिलंच. आणि 'कुंपण' त्या शेपटासकट बाजारात गेलं.

पहिलं वर्ष रीळ्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं तर "खुर्चीचाच दोष होता" म्हणायला लागला. मग अल्बम गाजला. दुकानांत वाजू लागला, गाड्यांत वाजू लागला, अनोळखी पोरं त्याच्या ओळी गुणगुणत रस्त्यानं जाऊ लागली, तशी रीळ्याची हळूहळू भीड चेपली. "त्यात माझं थोडंसं काम आहे," असं आधी. मग "शेवट माझा आहे," असं. माणसाचा स्वभावच आहे तो. आपलीच चूक दुसऱ्यांनी आवडीनं ऐकली की ती कला होते.

स्टुडिओ पुढे बंद पडला. काकांना एका फर्निचरच्या दुकानात नोकरी लागली आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी खुर्च्या विकल्या. प्रत्येक नव्या खुर्चीवर ते आधी स्वतः बसत, पुढे झुकत आणि ऐकत. मालकाला वाटायचं, काय काटेकोर माणूस आहे. बाकी आयुष्य चारचौघांसारखं गेलं: घर, मुलगी, गुडघे. जगात लाखो लोकांनी ऐकलंय असं आपलं काहीतरी आहे, ही एकच गोष्ट त्यांना चारचौघांपेक्षा वेगळी वाटायची. ती ते जपत.

जपत म्हणजे विकत घेत. 'कुंपण' ज्या ज्या रूपात आलं त्या त्या रूपात काकांच्या घरात आलं. तबकडी आली, कॅसेट आली (तिच्यात परत सर्र, म्हणून कर्र बुडाली, काकांनी कंपनीला पत्र टाकायचं ठरवलं होतं), मग सीडी, मग सोनेरी सीडी, मग 'नव्यानं उजळलेली' सीडी, जिच्यात सगळंच मोठ्यानं होतं आणि कर्र चक्क दचकवायची. ती काकांची लाडकी. मग खोका आला, ज्यात जुन्या सगळ्या तबकड्या पुन्हा एकदा आणि वर एक पिवळा रुमाल. काकूंनी रुमाल वापरायला घेतला तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता.

एका सुट्टीच्या दिवशी जावयानं त्यांना समजावून पाहिलं. त्याच्या मते सासऱ्याचा छंद हा धंद्याच्या अंगानं त्याचाच विषय होता.

"बाबा, आता हाय-रेझोल्यूशनची, म्हणजे आवाज आणखी बारकाव्यानं ऐकवणाऱ्या आवृत्त्यांची, लाट येणार. तुम्ही फसू नका. जुन्या फितीवरच्या अल्बमचं ठीक आहे, तिथं फितीत दडलेलं काही बारीकसारीक निघतं तरी. पण 'कुंपण' आकड्यांत लिहिलेलं. त्या यंत्रानं तेव्हा जेवढं लिहिलं तेवढंच आहे. पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढत नाही."

"पण मोठ्या पातेल्यात उतू जात नाही," काका म्हणाले.

 जावयानं दुसरा बाण काढला. "आणि दूध वाढलं तरी तुम्हाला प्यायचं कुठं आहे? मागच्या महिन्यात तुमचे कान तपासले. वरचे सूर तुम्हाला ऐकूच येत नाहीत. हाय-रेझमध्ये जे जास्तीचं असतं ते वटवाघळांना ऐकू येतं."

"मला कर्र ऐकू येते ना? मग झालं तर."

काकू आतून म्हणाल्या, "त्यांना तेवढंच ऐकू येतं. मी बोलते ते नाही."

आणि मग खरंच ती लाट आली. एका सकाळी जावयानंच फोनवर दाखवलं: 'कुंपण', प्रथमच हाय-रेझोल्यूशनमध्ये, मूळ फितींवरून संपूर्ण नवं मिश्रण. काकांचा चेहरा खुलला. जावई पुढे वाचत गेला: त्या काळच्या यंत्रात शिरलेले सर्व अनावश्यक आवाज काढून टाकून, आजवर कधीही न ऐकलेलं निर्मळ रूप.

"पुन्हा वाच."

जावयानं पुन्हा वाचलं.

"अनावश्यक?" काका म्हणाले.  "मी अनावश्यक?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. कंपनीला फोन लावला, तर कंपनीनं त्यांना वाद्यसंगीत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा वाद्यसंगीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी फोन हातातून घेतला आणि पलीकडच्या पहिल्याच माणसाला म्हणाल्या, "हे बघा, आमचे हे तुमच्या त्या रेकॉर्डवर आहेत आणि घरात अन्नाला शिवत नाहीत. तुम्ही बोला त्यांच्याशी." पंधरा मिनिटांत उलट फोन आला. नवं मिश्रण करणारी मुलगी स्वतः बोलत होती. "त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये होतात? खरंच? मग याच तुम्ही. गुरुवारी बँडचे ड्रमरही येताहेत. तेव्हाच शेवटचं गाणं घेणार आहोत आम्ही."

काका नवा शर्ट घालून निघाले. काकूही निघाल्या. "तुम्ही तिथं भांडणार," त्या म्हणाल्या, "आणि भांडताना तुम्हाला शब्द सुचत नाहीत."

काकांच्या मनात स्टुडिओ म्हणजे हॉल, काच, लाल दिवा. ही एका इमारतीच्या तळघरातली छोटीशी खोली होती. भिंतींना गाद्या, एक मोठं टेबल, दोन स्पीकर, आणि कोपऱ्यात चक्क एक भट्टी. मुलीनं सांगितलं, जुन्या फिती चिकट होतात, तशाच चालवल्या तर सोलून निघतात. म्हणून आधी मंद आचेवर तासन्‌तास शेकाव्या लागतात. काकूंना आयुष्यात प्रथमच या विषयात रस वाटला. "खालून लागत नाहीत का?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "लक्ष ठेवावं लागतं." दोघींची गट्टी जमली.

ड्रमर आधीच येऊन बसला होता. एकेकाळी खांद्यापर्यंत केस असलेला माणूस, आता डोकं पियानोच्या झाकणासारखं चकचकीत. बँडचे बाकीचे पांगले होते, गायक कुणाशीच बोलत नव्हता, पियानोवाला जाऊन बरीच वर्षं झाली होती; तेव्हा बँडतर्फे शेवटचा शब्द याचा. काकांनी नमस्कार केला. ड्रमरनं ओळखलं नाही. "एसीच्या बटणापाशी बसायचो तो," असं म्हटल्यावरही नाही.

काकांनी घसा साफ केला आणि रस्ताभर पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "शेवटच्या गाण्याच्या शेवटी एक कर्र आहे. ती माझी आहे, म्हणजे माझ्या खुर्चीची. ती काढू नका. लोकांना सवय आहे तिची."

मुलगी काही बोलणार तेवढ्यात ड्रमर म्हणाला, "काढायची नाहीच आहे. मीच सांगितलंय तसं. पण तुमच्या खुर्चीची कुठून? ती माझ्या पेडलची आहे."

खोलीत शांतता पसरली. त्या जुन्या यंत्रानं आवडीनं लिहून घेतली असती अशी.

"तुमच्या पेडलची?" काका म्हणाले. "तुमचे ड्रम तर केव्हाच थांबले होते!"

"थांबले होते म्हणूनच! पाय उचलला, स्प्रिंग कुरकुरली. मी तीस वर्षं मुलाखतींतून सांगतोय."

"मी चाळीस वर्षं घरातून सांगतोय!"

"अहो, मी बँडमध्ये होतो!"

"आणि मी खुर्चीत होतो! साहेबांनी सगळ्यांसमक्ष माझ्याकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा का नाही म्हणालात, पेडल माझं म्हणून? शिव्या खाताना माझी, आणि गाजल्यावर तुझी होय रे?"

भांडण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलं आणि एकदम दोघांनाही हुरूप चढला. ड्रमर पाय आपटून पेडल कसं कुरकुरतं ते तोंडानं करून दाखवू लागला. काका मुलीची खुर्ची ओढून तिच्यावर पुढे मागे झुकू लागले, पण ती नवी होती, तिनं ऐन वेळी तोंड उघडलं नाही. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून एकमेकांना कर्र, कर्र करताहेत आणि दोघांची कर्र हुबेहूब सारखीच येतेय, हे बघून काकूंनी पदर तोंडाला लावला.

"एक मिनिट," मुलगी म्हणाली. "भांडायचं कशाला? ऐकूनच बघू."

तिनं समजावून सांगितलं. त्या यंत्रानं प्रत्येक माइकचा आवाज फितीवर वेगळ्या पट्टीत लिहून ठेवला होता. हवी ती पट्टी एकटी ऐकता येते. कर्र ज्या माइकवर सगळ्यात मोठी, ती त्याच्या जवळची. आणि फितीची सर्र नसल्यामुळे लपायला जागा नाही.

दोघेही ताठ बसले. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी बसतात तसे.

तिनं ड्रमच्या पट्ट्या लावल्या. ड्रमरचा श्वास ऐकू आला, अगदी दम्याच्या रोग्यासारखा. कर्र फार लांबून, पुसट आली. काकांनी टाळी वाजवली. ड्रमरनं मान खाली घातली. मग गिटारची पट्टी, गायकाची पट्टी. त्यातही पुसट. एसीच्या कोपऱ्याजवळ हॉलचा एक माइक टांगलेला होता, तिनं तो लावला. काका खुर्चीच्या टोकावर आले. पियानोचा सूर विरत गेला, आणि कर्र आली. तीही लांबूनच.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

तिनं पुन्हा लावली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून काही म्हणजे काही आलं नव्हतं. त्या दिवशी ती खुर्ची जन्मात प्रथमच शहाण्यासारखी वागली होती.

काकांचा चेहरा उतरला. काकूंनी त्यांचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

मग मुलीनं पियानोची पट्टी लावली. सूर विरला. कर्र आली, इतकी जवळ, इतकी भरघोस, की सगळेच दचकले. लाकडी स्टूल होतं, जड माणूस वळल्यावर करकरतं तसं. मूळ मिश्रणात साहेबांनी यापुढचं सगळं दाबून टाकलं होतं. ते कधी कुणी ऐकलंच नव्हतं. आता मुलीनं काहीच दाबलं नाही. पट्टी तशीच पुढे चालू राहिली. एक लांब उसासा आला. आणि मग पियानोवाल्याचा आवाज, हसरा, दमलेला, इथंच टेबलापाशी उभा असल्यासारखा:

"लाव रे रीळ्या. घामानं मेलो."

थोडं थांबून परत, "ए रीळ्या."

मग काहीच नाही. मग दार धाडकन उघडल्याचा आवाज, आणि मुलीनं यंत्र थांबवलं.

ड्रमर हसायला लागला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. "वळला होता बेटा! तुझ्याकडे वळला होता," तो म्हणाला. काका हसले नाहीत. ते सरळ रडले. नव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत, लहान मूल रडतं तसे.

बऱ्याच वेळानं मुलीनं हळूच विचारलं, "कंपनीचं म्हणणं आहे की आवाज काढा. तुमचं काय ठरलं?"

ड्रमरनं नाक शिंकरलं. "आता माझी नाहीच आहे, तर..." तो म्हणाला आणि खांदे उडवले. "काढायची तर काढा. माझं काही म्हणणं नाही."

"माझीही नाही," काका म्हणाले. "पण काढू नका. पाया पडतो तुमच्या. त्याची आहे ती."

ड्रमर त्यांच्याकडे बघत राहिला. मग मुलीला म्हणाला, "ठेव. बँडतर्फे सांगतोय. आणि मुळात आहे त्याहून थोडी वर घे."

"आणि ते पुढचं बोलणं?"

"ते नको," काका म्हणाले. "ते गाण्यात नव्हतं. ते मला होतं."

बाहेर ऊन होतं. दोघं नवराबायको बसथांब्यावर येऊन बसली.  काकूंनी त्यांना काही वेळ गप्प बसू दिलं, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मग आता पाहुण्यांना काय सांगणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगेन, माझी नाही म्हणून."

"ते ऐकवण्यासाठी कशाला बसवायचं मग त्यांना? चहा तरी वेळेवर मिळेल."

काका हसले नाहीत. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "मला वाटलं माझ्या हातून सगळं बिघडलं," ते म्हणाले. "मी दगड होऊन बसलो होतो. साहेब ओरडून गेल्यावर पियानोवाल्यानं स्वतः उठून बटण दाबलं आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. मला वाटलं, खुर्चीबद्दल चिडवतोय."

"मग?"

"दोनदा हाक मारली गं त्यानं," काका म्हणाले. "आणि मी ओ दिली नाही."